क्लाइंब की कन्व्हेन्शनल? आधी मशीनला विचारा

मिलिंग म्हणजे फिरत्या दातेरी कटरपुढून टेबलावर धरलेला जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, सरकवत नेणं. टेबल कोणत्या बाजूने न्यायचं त्यावरून त्याच्या दोन पद्धती होतात, क्लाइंब आणि कन्व्हेन्शनल. त्यात माझ्या हातून पहिला कटर तुटला तो १६ मिलिमीटरचा, एचएसएसचा (हाय स्पीड स्टीलचा). आयटीआय संपवून जळगावच्या एमआयडीसीत एका जॉब शॉपमध्ये नुकताच लागलो होतो. डाळ मिलच्या बेअरिंग ब्लॉकची कड मारायची होती. 'क्लाइंब मारलं की फिनिश चांगला येतो' एवढं कुठूनतरी कानावर आलं होतं, म्हणून नेहमीच्या उलट बाजूने टेबल चालवलं. हँडल माझ्या हातात होतं तिथेच होतं आणि टेबल एकदम पुढे सरकलं. खाडकन आवाज आला. कटरचे दोन तुकडे झाले, ब्लॉक व्हाइसमध्ये, म्हणजे जॉब धरणाऱ्या शिकंज्यात, तिरपा झाला.

आमच्या मिस्त्रींना सगळे आप्पा म्हणत. ते ओरडले नाहीत. मी विचारलं, "आप्पा, मग कोणत्या बाजूने मारू?" ते म्हणाले, "माले नको इचारू, मशीनले इचार." आणि हँडल उलटं फिरवून दाखवलं. हँडलच्या कॉलरवरची, म्हणजे आकडे कोरलेल्या कड्यावरची, आठ घरं सरकली तरी टेबल जागचं हललं नव्हतं. एक घर ०.०५ मिमीचं, म्हणजे ०.४ मिमी नुसतं रिकामं. माझा कटर एका दाताला ०.०५ मिमी खात होता. टेबल ओढलं गेलं तेव्हा एकाच दाताच्या वाट्याला त्याच्या आठ-नऊ पट माल आला.

भुसावळ, धुळे, जळगाव, कुठेही नव्याने मिलिंगवर उभ्या राहिलेल्या मुलाला हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात पडतो. उत्तर मात्र त्याला अर्धंच मिळतं. म्हणून मी ज्या क्रमाने ठरवतो, तोच क्रम इथे लिहितो.

जवळ काय हवं

मॅग्नेटिक बेससह डायल गेज, व्हर्नियर, शक्य असेल तर मायक्रोमीटर. पॅरलल (जॉबखाली ठेवायच्या समांतर पट्ट्या) आणि तांब्याचा किंवा नायलॉनचा हातोडा. चिपा (कापून निघालेले धातूचे तुकडे) झाडायला ब्रश. डोळ्यांना गॉगल. एमएसचा (माइल्ड स्टीलचा) एक टाकाऊ ठोकळा, आणि मशीनची नोंद ठेवायला एक छोटी वही. हातमोजे घालून फिरत्या कटरजवळ जायचं नाही. उन्हाळ्यात घाम पुसायला आपण गळ्यात रुमाल टाकतो, तो मशीन सुरू करण्याआधी काढून ठेवा. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

१. आधी नावांचा गोंधळ मिटवा

आयटीआयच्या पुस्तकात 'अप मिलिंग' आणि 'डाउन मिलिंग' असतं. व्हीएमसीवर, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या उभ्या मशीनवर, गेलात की 'कन्व्हेन्शनल' आणि 'क्लाइंब' ऐकू येतं. ही चार नावं आहेत, गोष्टी दोनच आहेत. अप म्हणजे कन्व्हेन्शनल, डाउन म्हणजे क्लाइंब.

खरा घोटाळा पुस्तकातल्या चित्रामुळे होतो. ते चित्र आडव्या मशीनचं असतं: आर्बरवर (आडव्या दांड्यावर) बसलेला रुंद स्लॅब कटर, खाली जॉब. तिथे अप मिलिंगमध्ये दात खालून वर येतो आणि जॉब उचलतो, डाउन मिलिंगमध्ये वरून खाली येतो आणि जॉब टेबलावर दाबतो. नावं तिथूनच पडली आहेत. पण तुम्ही उभ्या मशीनवर, शॉपमध्ये जिला एम-वन-टीआर म्हणतात तिच्यावर, एंड मिलने (उभ्या दांड्यासारख्या कटरने) कड मारत असाल तर दिशेमुळे वर-खाली काही होत नाही. दिशेची सगळी ढकलाढकल आडवी चालते. म्हणून उभ्या मशीनवर 'अप' आणि 'डाउन' हे शब्द डोक्यातून काढा आणि फक्त दाताकडे बघा.

२. दात आणि टेबल एका दिशेला की समोरासमोर

जॉबला टेकलेला दात ज्या दिशेने जातो त्याच दिशेने टेबल जात असेल तर क्लाइंब. दात एका दिशेने आणि टेबल त्याच्या विरुद्ध, तर कन्व्हेन्शनल. एवढं पक्कं लक्षात ठेवलं की बाकीचे सगळे नियम त्यातून काढता येतात.

उभ्या मशीनवर, वरून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या नेहमीच्या कटरसाठी ते असं जुळतं:

कटर तुमच्या बाजूला आणि जॉब त्याच्या पलीकडे असेल, तर जॉबला टेकलेला दात डावीकडून उजवीकडे जातो. टेबल उजवीकडे नेलं की क्लाइंब, डावीकडे नेलं की कन्व्हेन्शनल.

जॉब तुमच्या बाजूला आणि कटर पलीकडे असेल, तर बरोबर उलट. टेबल डावीकडे नेलं की क्लाइंब.

नवी मुलं फसतात ती एकाच जागी: हाताने चालवायच्या मशीनवर कटर जागेवर असतो आणि टेबल सरकतं. व्हीएमसीचा प्रोग्राम लिहिताना मात्र कटर जॉबभोवती फिरतोय असं धरायचं असतं. दोन्हींची सरमिसळ झाली की दिशा हमखास उलटी येते. शंका आली तर मशीन बंद करा, स्पिंडल (कटर फिरवणारा दांडा) न्यूट्रलला टाका, कटर कापायच्या दिशेने सावकाश हाताने फिरवा आणि दात जॉबवरून कुठे चाललाय ते डोळ्यांनी बघा. धार हाताला लागते, म्हणून कटरला फडकं गुंडाळून धरा. आणि मशीन सुरू करायच्या आधी ते फडकं काढायला विसरू नका.

आता दोन्हींत चिप कशी निघते ते जरा जवळून बघू, कारण निवडीचं कारण तिथेच आहे. कन्व्हेन्शनलमध्ये दात शिरतो तेव्हा चिपची जाडी शून्य असते. धातू कापण्याइतकी जाडी मिळेपर्यंत दात नुसता घासत जातो, मग कापायला लागतो, आणि चिप सर्वांत जाड झाली की बाहेर पडतो. घासण्यातून उष्णता होते, धार झिजते, आणि पृष्ठभागावर एक चकाकी येते. ती पॉलिश केल्यासारखी दिसते, पण असते घासल्याची. चिपा कटरच्या पुढे पडतात आणि बऱ्याचदा पुन्हा दाताखाली येतात. क्लाइंबमध्ये दात थेट जाड मालात घुसतो आणि चिप बारीक होत होत संपते. घासणं कमी, धार जास्त टिकते, फिनिश स्वच्छ येतो, चिपा मागे, कापून झालेल्या बाजूला पडतात.

हे वाचून कोणालाही वाटेल की मग क्लाइंबच मारावं. मलाही तसंच वाटलं होतं.

३. बॅकलॅश मोजा, अंदाज करू नका

भरलेली बैलगाडी चढावर असते तेव्हा बैल ओढतात आणि गाडी मागे राहायला बघते. जू ताणलेलं असतं, कुठेही ढिलाई राहत नाही. तीच गाडी उताराला लागली की बैलांच्या अंगावर येते, आणि जुपणीत जेवढी ढिलाई असेल तेवढा झटका बसतो. कन्व्हेन्शनल हा चढ आहे. कटर टेबलाला मागे ढकलतो, तुम्ही पुढे रेटता, त्यामुळे टेबल सरकवणारे नट आणि स्क्रू एकाच बाजूला टेकून राहतात. क्लाइंब हा उतार आहे. कटर टेबलाला पुढे ओढतो. नट-स्क्रूमध्ये जेवढी मोकळी जागा असेल, तेवढं टेबल एका झटक्यात पुढे पळतं.

ती मोकळी जागा म्हणजे बॅकलॅश. मोजायची रीत:

मॅग्नेटिक बेस मशीनच्या अशा भागावर चिकटवा जो टेबलाबरोबर हलत नाही. डायलचं टोक टेबलाच्या कडेला टेकवा. हँडल एका बाजूने फिरवत राहा, काटा हलायला लागला की थांबा. आता डायल आणि हँडलची कॉलर दोन्ही शून्यावर आणा. हँडल सावकाश उलटं फिरवा. काटा हलायला लागेल त्या क्षणी कॉलरवर जो आकडा असेल, तो बॅकलॅश.

हे टेबलाच्या मध्यभागी करा आणि दोन्ही टोकांनाही करा. एवढा खटाटोप कशाला, असं म्हणू नका. सगळं काम मधोमध होतं म्हणून स्क्रू मध्यभागीच जास्त झिजतो. मधला ढिलेपणा बघून कोणी नट आवळला तर टोकाला टेबल जाम होतं. मग तो नट पुन्हा ढिला केला जातो आणि प्रश्न तिथेच राहतो. एक्स आणि वाय दोन्ही अक्षांचे आकडे वहीत तारखेसह लिहा.

यावरून मी असं ठरवतो. साध्या ट्रॅपेझॉइडल स्क्रूच्या जुन्या मशीनवर आकडा ०.१ मिमीच्या वर असेल तर जाड कट कन्व्हेन्शनलच. यात तडजोड करत नाही, मालक म्हणोत की ग्राहक म्हणोत. काही आडव्या आणि भारी मशीनवर बॅकलॅश काढणारी जोडणी असते. ती आहे का, आणि चालू अवस्थेत आहे का, हे जुन्या माणसाला विचारून घ्या. व्हीएमसीवर बॉल स्क्रू (नटमध्ये गोळ्या असलेले) असतात, त्यांत हा खेळ जवळपास नसतो. म्हणून तिथे क्लाइंब हीच नेहमीची पद्धत झाली आहे.

गिब (टेबलाच्या सरकवाटेतला खेळ भरणाऱ्या पट्ट्या) ढिले असतील तर टेबल आडवंही डुलतं. ते आधी नीट करून घ्या. आणि जो अक्ष चालवायचा नाही त्याला लॉक लावा. एक्समध्ये कट चालू असेल तर वायचा लॉक आवळलेला हवा. निम्मे खराब फिनिश मी एवढ्याने सुधारलेले पाहिले आहेत.

४. जॉब कसा धरलाय

आडव्या मशीनवर पातळ पट्टी असेल तर कन्व्हेन्शनल तिला व्हाइसमधून वर काढायला बघतं. तिथे क्लाइंब जॉबला खाली दाबतं, पण त्यासाठी मशीन आधी तिसऱ्या पायरीत पास झालेलं हवं. नसेल तर कट हलका ठेवा आणि पकड वाढवा.

उभ्या मशीनवर उचलणारा जोर कटरच्या पिळातून येतो. नेहमीच्या उजव्या पिळाच्या कटरची चिप वर येते आणि जॉबही वर ओढला जातो, मग तुम्ही कोणत्याही बाजूने मारा. म्हणून जॉब पॅरललवर बसवून हातोड्याने ठोका आणि पॅरलल हाताने हलवून बघा. हलला तर जॉब बसलेला नाही. व्हाइसचा फिक्स जबडा शक्यतो अशा बाजूला ठेवा की कटरचा मुख्य रेटा त्याच्यावर येईल.

५. वरचं कातडं बघा

आपल्या भागात शॉपवर येणारं बरंचसं काम दुरुस्तीचं असतं: जिनिंगचे, ऑइल मिलचे, पंपाचे सुटे भाग. बिडाचं ओतकाम येतं, गॅसने कापलेली प्लेट येते, वर काळी खपली असलेला हॉट रोल्ड माल येतो. या सगळ्यांचं वरचं कातडं आतल्या धातूपेक्षा कडक असतं. ओतकामात तर वाळूचे कणही अडकलेले असतात.

क्लाइंबमध्ये प्रत्येक दात बाहेरून आत येतो, म्हणजे दर फेरीला पहिला घाव त्या कातड्यावर. धारेचे टवके उडतात. कन्व्हेन्शनलमध्ये दात आतल्या स्वच्छ धातूतून सुरू होतो आणि कातडं आतून बाहेर फोडत निघतो. म्हणून मशीन कितीही चांगलं असो, अगदी नवं व्हीएमसी असलं तरी, कातड्याचा पहिला पास मी कन्व्हेन्शनल मारतो. आणि तो पुरेसा खोल मारतो. ओतकामावर ०.३ मिमीचा भित्रा कट घेतला तर कटर सगळा वेळ कातड्यातच घासत बसतो. मालात वाव असेल तर दीड-दोन मिमी घ्या आणि कातड्याखाली जा. एकदा ते निघालं की पुढचे पास हवे तसे.

६. धातू कोणता

स्टेनलेसला, विशेषतः ३०४ ला, घासणं चालत नाही. घासलं की तो वरच्या थरात कडक होतो आणि पुढच्या दाताला तोच कडक थर मिळतो. बॉल स्क्रूचं मशीन असेल तर क्लाइंब. जुन्या मशीनवर कन्व्हेन्शनलच मारावं लागलं तर धार नवी ठेवा, फीड (टेबलाचं सरकणं) चालू ठेवा आणि कटमध्ये असताना थांबू नका. थांबलात की तिथे चकचकीत डाग दिसतो, आणि पुढचा पास त्या डागावर अडखळतो.

ॲल्युमिनियम धारेला चिकटतं. क्लाइंबमध्ये चिकटणं कमी होतं, चिपाही वाटेतून निघून जातात. थोडं रॉकेल किंवा कटिंग ऑइल लावा. आगीपासून लांब, हे सांगायला नकोच.

एमएसवर दोन्ही चालतं. बीड कोरडंच मारतात. कार्बाइड असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: तो कडक पण ठिसूळ असतो. ढिल्या मशीनवरचा झटका एचएसएस कदाचित सोसेल, कार्बाइड सोसणार नाही.

वेगाचा हिशोब दोन्ही पद्धतींना सारखाच आहे. १००० गुणिले कटिंग स्पीड, भागिले (३.१४ गुणिले कटरचा मिलिमीटरमधला व्यास). एचएसएसने एमएस मारताना २५ मीटर प्रति मिनिट धरलं तर १२ मिमीच्या कटरला साधारण ६६० आरपीएम येतात. चार दात, दाताला ०.०५ मिमी, तर फीड मिनिटाला १३० मिमीच्या आसपास.

७. रफ वेगळा, फिनिश वेगळा

संपूर्ण कामाला एकच पद्धत लावायची सक्ती नाही. जुन्या मशीनवर मी रफ कन्व्हेन्शनल मारतो, ०.१ ते ०.२ मिमी माल ठेवतो, आणि फिनिशचा शेवटचा पास क्लाइंबने घेतो. त्या वेळी टेबलाचा लॉक हलका आवळून ठेवतो, इतकाच की हँडल फिरवताना हाताला थोडा जड लागावा. त्या जडपणामुळे टेबल पळत नाही. हे फक्त एवढ्या बारीक कटला चालतं. आणि हे करताना पॉवर फीड (टेबल मशीननेच चालवणं) लावू नका, हात हँडलवरच ठेवा.

क्लाइंबमध्ये कटर भिंतीपासून थोडा दूर ढकलला जातो. लांब, बारीक कटर असेल तर माप दोन-चार शतांश मिमी मोठं राहतं. माप न बदलता तोच पास पुन्हा फिरवा, उरलेलं निघतं.

खाच मारताना सापळा निराळा आहे. १० मिमीची की-वे (चावी बसायची खाच) १० मिमीच्या कटरने एका दमात मारली तर एक भिंत क्लाइंबने निघते, दुसरी कन्व्हेन्शनलने. कटर एका बाजूला झुकतो आणि खाच रेषेवरून सरकते. त्यापेक्षा ८ मिमीच्या कटरने मधून काढा आणि दोन्ही भिंती वेगवेगळ्या फिनिश करा. वेळ थोडा जास्त जातो, पण चावी बसवताना फाइल घासावी लागत नाही.

माप घ्यायच्या आधी जॉब थंड होऊ द्या. मे महिन्यात भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये तर काय विचारता. १०० मिमीचं ॲल्युमिनियम १० अंश तापलं तर ०.०२३ मिमी वाढतं, पोलाद त्याच्या साधारण निम्मं. दुपारी कटमधून काढलेला गरम जॉब मापात बसला म्हणून खूश होऊ नका. माझा एक अख्खा लॉट सकाळी एसी खोलीतल्या तपासणीत लहान भरला होता.

८. व्हीएमसीवर गेल्यावर

एम०३ वर (घड्याळाच्या दिशेने फिरवायच्या कोडवर) फिरणारा कटर, चालण्याच्या दिशेने बघितलं तर जॉब उजव्या हाताला: हे क्लाइंब. म्हणजे जी४१, कटर जॉबच्या डावीकडे ठेवायचा कोड. बाहेरच्या कडेभोवती घड्याळाच्या दिशेने, पॉकेटच्या आत घड्याळाच्या उलट.

दोन ठिकाणी डोळ्यात तेल घालून बघा. डावा-उजवा जोड बनवताना लोक प्रोग्राम मिरर करतात, म्हणजे आरशातल्यासारखा उलटा करतात. मिरर केला की क्लाइंबचं कन्व्हेन्शनल होतं, आणि दोन जुळ्या भागांचा फिनिश वेगळा दिसायला लागतो. दुसरं, झिगझॅग टूलपाथमध्ये एक फेरी क्लाइंब आणि परतीची कन्व्हेन्शनल असते. रफला चालेल, फिनिशला एकाच दिशेचा पाथ निवडा.

९. कट चालू असताना लाइट गेली तर

आपल्याकडे हे होतंच. कटर मालात अडकून थांबतो. लाइट आली की तसाच स्टार्ट दाबणं ही सर्वांत महागडी चूक. आधी मुख्य स्विच बंद करा. मग कटर मालातून मोकळा करा: ज्या बाजूने आत गेलात त्याच्या उलट, सावकाश, हाताने. हँडल उलटं फिरवताना आधी बॅकलॅश रिकामा जाईल, मग टेबल हलेल, तेव्हा घाई करू नका. कटर पूर्ण बाहेर आला की स्पिंडल सुरू करा, धार तपासा, आणि कॉलर पुन्हा त्याच बाजूने फिरवत जुन्या आकड्यावर आणा. वेगळ्या बाजूने आणलीत तर बॅकलॅशएवढं माप चुकलंच समजा.

१०. एक ठोकळा यासाठीच ठेवा

एमएसचा ५० मिमीचा टाकाऊ ठोकळा घ्या. एकाच कटरने, त्याच आरपीएमवर, त्याच फीडवर, ०.१५ मिमीच्या कटने एक कड कन्व्हेन्शनल मारा आणि समोरची क्लाइंब. दोन्ही वेळा पॉवर फीड बंद, क्लाइंबच्या वेळी लॉक हलका आवळलेला. कूलंट नको, नाहीतर चिपा नीट दिसत नाहीत.

मशीन थांबवा, ब्रशने झाडा, बर (कडेला उरलेली धारदार कोर) काढा. मग अंगठ्याचं नख दोन्ही कडांवरून आडवं ओढा. कन्व्हेन्शनलच्या कडेवर नख बारीक खरखरत जातं, आणि उजेडात तिरपं धरलं तर मधेमधे ती घासल्याची चमक दिसते. क्लाइंबच्या कडेवर रेघा एकसारख्या आणि मंद असतात. क्लाइंबच्या कडेवर एका जागी खोल ओरखडा दिसला तर टेबल तिथे पळालं आहे. वहीतला बॅकलॅशचा आकडा काढा आणि पुन्हा मोजा. दोन्ही कडा सारख्याच खरखरीत आल्या, तर दिशेचा विचार बाजूला ठेवून आधी कटरला धार लावून आणा.